मुक्या मागाची फिल्म

रुंदी ३८४०. उंची २१६०. लांबी अकरा मिनिटं चार सेकंद. वजन एक पूर्णांक नऊ जीबी. माहितीच्या चौकटीत सगळं ठणठणीत.

*

वडगावात एक म्हातारा दिवसातून वीसेक वेळा मान हलवतो. डावीकडून उजवीकडे. म्हणजे नाही.

*

अर्ज भरताना पाळायच्या सूचना, क्रमांक सहा: चित्रफीत कन्नडमध्ये असावी. शंभर एमबीपेक्षा मोठी नसावी.

*

उचगावात हळदीच्या दिवशी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. कॅमेरावाल्यानं खिशातलं दुसरं काढलं, त्यात काय आहे ते एकदा बघितलं आणि पुसून टाकलं.

*

तंबाखूचं पान हातात घेऊन कळत नाही. उजेडाकडं धरावं लागतं.

*

बेळगावहून निपाणीला येणाऱ्या लाल बसमध्ये कंडक्टरनं बायकांच्या फुकट तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं. बाईनं पदराची गाठ सोडली, कार्ड दाखवलं, आणि गाठीतली दुसरी वस्तू मुठीत घट्ट धरून ठेवली. निपाणी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

१. पिठलं

मुठीत पेनड्राइव्ह होता. बाईचं नाव राणी. वडगावच्या जोतिराम विणकराची सून.

तिनं तो पूर्णिमाच्या टेबलावर ठेवला. निपाणी स्टँडच्या मागं पूर्णिमाचं दुकान होतं. लोक तिथं लग्नाच्या जुन्या कॅसेटी घेऊन यायचे, बुरशी लागलेल्या, फीत चुरगळलेल्या, आणि पूर्णिमा त्यातून नवरा-नवरी पुन्हा उभे करून द्यायची. तिची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. पान उजेडाकडं धरायची सवय लेकीनं आईकडून घेतली होती. फक्त पानांच्या जागी चित्रं आली.

"आक्का, ह्यातलं चित्र सुदारतंय का बघा."

"काय झालंय चित्राला?"

"तेच कळंना म्हणून तर आलोय."

पूर्णिमानं फिल्म लावली. वडगावच्या विणकर सोसायटीनं गेल्या वर्षी करून घेतलेली. हातमागावर बसलेला जोतिराम. तोंडावरच्या सुरकुत्या, मागं भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं बरं दिसत होतं. मग कॅमेरा हातांवर आला. साडीचं अंग विणून झालं होतं, आता त्याला पदराचे लाल धागे जोडायचे होते. बोटं हलायला लागली आणि चित्र फुटलं. बोटं कुठली, धागा कुठला, काही कळेना. नुसत्या चौकोनांची खळबळ.

"बोटांचं पिठलं झालंय," राणी म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. पदराची जोड पूर्वी वडगावात घरोघरी मारत. आता सगळे साधी गाठ मारून मोकळे होतात. जोतिरामची जोड वेगळी होती. बोटामागून धागा एक जादा फेरा घ्यायचा, पण कुठून आणि कुठल्या बोटामागून, ते कापड बघून कळायचं नाही. घट्ट ओढली की जोड कापडातच विरायची. त्यांनी ती कुणाला शिकवली नव्हती. जून महिन्यात त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मागावर त्यांनी स्वतः लावलेला शेवटचा ताणा, उभे धागे, तसाच आहे, आणि त्याला लावलेली खळ वाळत चाललीय. राणी रोज बसून जोड मारायला बघते. मामंजी खाटेवरून बघतात आणि मान हलवतात. ओढलं की जोड सुटतेच.

"डॉक्टर म्हणाले दुसरा झटका कवा बी येईल. बरोबर का चूक, हे सांगणारं तेवढं एकच माणूस हाय, आक्का. त्यास्नी बोलता येत न्हाई, पर बघता येतंय. ते हाईत तवर मला ते दिसाय पायजे."

पूर्णिमानं फिल्म मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. "आवाज एवढाच? बोलणाऱ्याचाच?"

"व्हय. माग चालतोय पर वाजत न्हाई. मी आडाणी असंन, पर मुका माग मी जल्मात बघितला न्हाई."

पूर्णिमानं पडद्यावरच्या एका चौकोनाला पट्टी लावली. खरीखुरी, शाळेतली, प्लास्टिकची. मग दुसऱ्याला लावली. मग चित्र पार मोठं करून तिसऱ्याला.

"हे चौकोन तिप्पट हाईत," ती म्हणाली. "मोठ्या चित्राला एवढे चौकोन पडत न्हाईत. हे चित्र कवातरी एक तृतीयांश रुंदीचं हुतं. बाराशे ऐंशी. मग कुणीतरी ते ताणून मोठं केलंय."

"म्हंजे?"

"फुगा म्हण. आकार मोठा, आत हवा. माहितीच्या चौकटीत अडतीसशे चाळीस लिवलंय ते खरं हाय, पर ते आकाराचं माप हाय. चित्राचं न्हाई." ती पट्टी खाली ठेवून राणीकडं वळली. "लहान चुकून बी हुतंय. पर लहान करून परत मोठं करून दिलंय. ते चुकून हुत न्हाई."

राणी उभी राहिली. "मारुतीराव," ती म्हणाली. "दुसरं कोण न्हाई."

२. रताळी

किशननं फिल्म चित्रित केली होती. तो उचगावच्या रानात रताळी काढत होता. लग्नाचे मुहूर्त नसले की कॅमेरा पेटीत आणि किशन रानात.

"माझ्याकडं काय बी न्हाई, पूर्णिमाक्का. कार्डावरचं सगळं हार्ड डिस्कवर घातलं, डिस्क टिळकवाडीला आरोहीकडं दिली. एडिटिंग तिचं. मग कार्ड मोकळं केलं. लग्न हुतं दुसरं."

"पुसायच्या आदी बघितलंस?"

"बघितलं की. तेवढं चित्र मी परत काढलेलं न्हाई आयुष्यात." त्यानं एका रताळ्याची माती झटकली. "एका सेकंदाला पन्नास चित्रं घेतलीती. लग्नात पंचवीस घेतो. म्हाताऱ्याची बोटं लई पळत्यात, म्हणून पन्नास."

"जोड कितीदा काढलीस?"

"मी एकदा मागितली. क्लिप चार मिनिटांची हाय, सत्तेचाळीस नंबरची." त्यानं चार रताळी तिच्या पिशवीत टाकली. "आरोहीला इचारा. आनि तिला सांगू नका मी रानात हाय. तिला वाटतं मी स्टुडिओत असतो."

३. हलक्या

आरोहीच्या फ्लॅटमध्ये चपला बाहेर, आवाज हळू, पडदे ओढलेले. ती पेनड्राइव्हवरची फिल्म बघत असताना पूर्णिमा तिच्याकडे बघत होती. पहिल्या मिनिटात आरोहीच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या मिनिटात तिनं फिल्म बंद केली.

"हे माझं नाही."

"नाव तर तुझं हाय शेवटी."

"नाव माझं आहे, चित्र माझं नाही. हे बघा, ताई." तिनं आपल्या लॅपटॉपवर जुना प्रोजेक्ट उघडला. "कॅमेऱ्यानं जे दिलं तेच मी बाहेर काढलं. तीच रुंदी, तेच पन्नास. फाइल झाली सव्वाआठ जीबीची. ही एक पूर्णांक नऊ. आणि ही पट्टी कुठून आली?"

जोतिरामच्या नावाखाली काळी पट्टी होती. 'जोतिराम, हातमाग विणकर' ही अक्षरं पट्टीच्या मधोमध बसली होती. दोन्ही बाजूंना पट्टी विनाकारण मोकळी पडली होती.

"मी नावाखाली पट्टी घालतच नाही. गावठी दिसतं."

"मागाचा आवाज?"

"होता. मागाचा आवाज आणि निवेदन, दोन्ही मिसळून दिलं होतं मी. डिस्कवर फिल्म आणि मूळ क्लिपा, सगळं जानेवारीत सोसायटीत नेऊन दिलं. नागेंद्रअण्णांनी सही करून घेतलं. नंतर त्यांना कुठल्याशा अर्जासाठी कन्नड करायचं होतं, तेही शंभर एमबीच्या आत, म्हणून नुसतं निवेदन वेगळं फोनवर पाठवलं. कन्नड वाक्यं तेवढ्याच वेळात बसायला हवीत ना."

"आता तुझ्याकडं काय हाय?"

"प्रोजेक्ट आहे, आवाज आहेत. चित्राच्या फक्त हलक्या कॉप्या." तिनं हात झटकला. "लॅपटॉपला मूळ फाइल पेलत नाही, म्हणून आम्ही आधी सगळ्याची लहान कॉपी करतो. तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाइल परत जोडायची. हलकी कॉपी घराबाहेर जात नसते, ताई. गेली की एडिटरची अब्रू गेली. तसाही लॅपटॉप विकलाय मी. उद्या संध्याकाळी पुसून द्यायचा आहे."

पूर्णिमानं मान डोलावली. त्या वेळी तिच्या डोक्यात पट्टीच घोळत होती. हे तिचं चुकलं.

४. ज्याचं नाव राणीनं घेतलं

शहापुरातलं दुकान. साड्यांचे ढीग. गादीवर मारुतीराव.

"या, या! चोराच्या दुकानात या. राणीनं पाठवलंय न्हवं? चहा घेनार का जबानी?"

"चहा घेतो. डिस्क तुमच्याकडं आलती म्हणं."

"आलती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. फिल्म दुकानात लावलीती, ह्या टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी सोसायटीत परत. लपवाय काय हाय त्यात?"

"राणी म्हणती, तुमचे यंत्रमाग हाईत. जोड कुणाला दिसू नये असं तुमाला वाटतंय."

मारुतीराव हसले. हसताना पोट हललं, डोळे मात्र जागच्या जागी राहिले. "बाई, मी वीस वर्षं त्या जोतिरामच्या मागं लागलोय. दाखव म्हणून. पाया पडाय तयार हुतो. त्यानं न्हाई दाखवली. राग हाय मला त्याचा, लई राग हाय. पर जी बघाय वीस वर्षं तडफडलो तीच फोडून टाकू? मी काय खुळा हाय?"

"मग फिल्ममधनं शिकला असाल की."

"बघितली चारदा. ह्या डोळ्यास्नी पळती बोटं कळंनात. थांबवून बघू म्हणलं, तर रिमोट गावंना आनि गिऱ्हाईक थांबंना." त्यांनी कप बशीत ठेवला. "त्यात मागाचा खडखडाट. रुक्माबाई साडी बघाय आलत्या, म्हणाल्या, 'मारुती, हे तुझं थेटर बंद कर न्हायतर मी दुसऱ्या दुकानात जातो.' कान किटले गिऱ्हाइकांचे."

पूर्णिमानं कप तोंडापर्यंत नेला होता. तो तसाच खाली आला.

"खडखडाट हुता?"

"हुता म्हंजे! हातमाग हाय का तुळशीचं लग्न?"

५. बसमधला कागद

(तिकिटाच्या मागं, पेन्सिलीनं.)

संक्रांतीला फिल्म वाजत होती. आता मुकी आहे. म्हणजे बिघाड संक्रांतीनंतरचा. मारुतीराव ~~खोटं बोलतात~~ खरं बोलतात. खोटं बोलणारा खडखडाट सांगणार नाही.

ज्यानं ही फिल्म पुन्हा बांधली त्याच्याकडे मागाचा आवाज नव्हता. निवेदन मात्र होतं, सुटं.

किशन: निवेदन त्याच्याकडे कधीच नव्हतं.

आरोही: दोन्ही आवाज आहेत. तिनं केलं असतं तर माग वाजला असता.

पट्टी इतकी लांब का? अक्षरं लहान, पट्टी मोठी. पट्टी ह्या अक्षरांसाठी नाही. खाली दुसरी अक्षरं आहेत, ह्यांच्यापेक्षा लांब.

शंभर एमबीपेक्षा मोठी नसावी.

६. वरीलप्रमाणे

विणकर सोसायटीचं ऑफिस एका खोलीचं. नागेंद्र तिथं कारकून, सेक्रेटरी आणि शिपाई, तिन्ही. कन्नड अर्ज त्याच्याशिवाय कुणाला जमायचे नाहीत. निम्म्या वडगावची पेन्शन त्याच्या हस्ताक्षरात होती. राणी बाकावर बसली होती. पूर्णिमानं तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"नागेंद्रअण्णा, एक गंमत दावू का?"

पूर्णिमानं फिल्म त्या पट्टीवर थांबवली आणि उजेड वाढवला. हळूहळू, पान उन्हाकडं धरल्यासारखा. काळी पट्टी करडी झाली. मग करड्यात आणखी काही करडं दिसायला लागलं. मराठी अक्षरांच्या मागं, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारी, गोलगोल कन्नड अक्षरं.

राणीनं ती मोठ्यानं वाचली. मामंजींचंच नाव, कन्नडमध्ये. तिची शाळा कन्नड होती.

नागेंद्रनं खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"मी मुद्दाम न्हाई केलं, राणी."

"अण्णा, तुम्ही?" राणी म्हणाली. "तुम्ही तर मला म्हणालासा, आरोहीनं दिलीया तीच ही."

"मार्चमधी अर्ज भरायचा हुता, जोतिरामआप्पांच्या पुरस्काराचा. कन्नड पायजे, शंभर एमबीत पायजे. केलं. चित्र लहान केलं, सेकंदाला पन्नासचं पंचवीस केलं, शहाण्णव एमबीत बसवलं. लई खूश झालतो मी." तो टॉवेलची घडी घालायला लागला. "सेव्ह करताना नाव तेच दिलं. त्यानं इचारलं, ह्या नावाची फाइल हाय, बदलू का? मी व्हय म्हणलो. मराठी फिल्म गेली."

"मूळ क्लिपा हुत्या की डिस्कवर," पूर्णिमा म्हणाली.

"त्या आदीच पुसल्यात्या. सभासदांचे फॉर्म ठेवायला जागा पायजे हुती. सी शून्य शून्य सत्तेचाळीस, असली नावं. फिल्म तयार झालीया, आता कच्चा माल कशाला, म्हणलं." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "आक्का, आमी विणकर. कापड मागावरनं उतरलं की कोण सुताची पिशवी जपून ठेवतंय व्हय?"

त्यानं घडी केलेला टॉवेल टेबलावर ठेवला.

"जुलैमधी राणी आली. म्हणली, बोटं दिसाय पायजेत. माझ्याकडं ती कन्नडच हुती. फोनवर मराठी निवेदन हुतं, ते लावलं. नावावर पट्टी टाकली. आनि चित्र मोठं करून दिलं. खरंच वाटलंतं मला, आक्का, की मोठं केल्यावर दिसंल. भिंगातनं बघितल्यागत."

"अण्णा, ह्या सोसायटीच्या रजिस्टरात तुम्ही 'वरीलप्रमाणे' लिवता का?"

"लिवतो की. नाव तेच, गाव तेच, मग वरीलप्रमाणे."

"लहान फाइल तशीच असती. एक चित्र पुरं लिवायचं, मग फुडच्या चित्रांस्नी वरीलप्रमाणे. भिंत हलत न्हाई, कॅलेंडर हलत न्हाई, तितं चालतंय. बोटं हलली की 'वरीलप्रमाणे' खोटं पडतं. खरं लिवाय जागा नसती, मग ते अंदाजानं ठोकून देतंय. जे त्यानं लिवलंच न्हाई ते भिंगातनं कसं दिसंल?"

राणी उठून दारापाशी गेली. बाहेर कुठंतरी यंत्रमाग एका लयीत चालले होते. तिची पाठ होती.

"कुणी केलं ते कळलं," ती म्हणाली. "आता मी घरी जाऊन मामंजींना काय सांगू? कुठं बी न्हाई म्हणून?"

पूर्णिमानं बोटांवर मोजलं. कार्ड पुसलेलं, डिस्क पुसलेली, फिल्म पुसलेली. जोड जगात एकाच जागी उरली होती, अन् त्या माणसाला बोलता येत नव्हतं.

७. पावणेपाच

उत्तर तिला ऑफिसच्या पायरीवर चपला घालताना सापडलं. एक चप्पल पायात होती.

"अण्णा, तुमची ती कन्नड फाइल. अकरा मिनिटांची, शहाण्णव एमबी. बरोबर?"

"व्हय."

"रुंदी बाराशे ऐंशी."

"व्हय."

"आरोहीच्या हलक्या कॉपीची रुंदी बी तेवढीच असणार. आमच्या धंद्यात सगळे तेवढीच ठेवत्यात. म्हणून ती नुसती हलकी म्हणली, आनि मी बी मनात म्हणलं, त्यात काय बघायचं." तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली. "पर ती कापाकापीसाठी केलेली असती. कुठल्याबी चित्रावर कातरी चालाय पायजे. म्हणून तितं वरीलप्रमाणे नसतं. पन्नासच्या पन्नास चित्रं, एकेक, पुरं लिवलेलं!"

राणी वळली. "म्हंजे दिसंल?"

"आज शनवार का ऐतवार?"

"ऐतवार."

उद्या संध्याकाळी लॅपटॉप पुसून द्यायचा, असं आरोही काल म्हणाली होती. आत्ता पावणेपाच वाजले होते. पूर्णिमानं फोन लावला. बंद होता. नागेंद्रनं स्कूटरची किल्ली काढली, मग तिघं एका स्कूटरवर मावणार नाहीत हे लक्षात येऊन स्वतः मागं राहिला आणि किल्ली राणीच्या हातात दिली. वडगावातून टिळकवाडीला राणीनं जशी स्कूटर नेली ते बघून पुन्हा तिच्या मागं कधी बसायचं नाही असं पूर्णिमानं ठरवलं.

आरोहीनं दार उघडलं. मागं टेबलावर लॅपटॉप चालू होता. समोर सोफ्यावर एक गृहस्थ चहा पीत होते. विकत घेणारे.

"हलक्या कॉप्या!" पूर्णिमा धापा टाकत म्हणाली.

"त्या सकाळीच काढून टाकल्या, ताई."

राणी आत शिरून टेबलापाशी गेली.

"कचराकुंडी मोकळी केलीस?" पूर्णिमानं विचारलं.

आरोही थांबली. मग ती टेबलाकडं गेली, लॅपटॉपवर वाकली. खोलीत फक्त चहाचा भुरका ऐकू आला.

"आहे," ती म्हणाली. "सत्तेचाळीस नंबर. चार मिनिटं. वजन..." ती स्वतःच थबकली. "एक जीबी आणि वर थोडं."

"अकरा मिनिटांचं शहाण्णव एमबी," पूर्णिमा म्हणाली, "आणि चार मिनिटांचं एक जीबी. रुंदी तीच. आता सांग, हलकं कुठलं?"

आरोहीनं क्लिप लावली आणि एकेक चित्र पुढं सरकवलं. किनारी जराशा मऊ होत्या. कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत नव्हत्या. पण बोट हे बोट होतं आणि धागा हा धागा. पेनड्राइव्हवर बोट धाग्याच्या वर असायचं आणि पुढच्या चित्रात एकदम खाली. इथं त्या दोघांच्या मधलं चित्र होतं. करंगळीमागून लाल धागा वर येताना.

"करंगळी," राणी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी अनामिकेमागनं घेत हुतो. चार महिनं."

"ही कॉपी अशी बाहेर द्यायची म्हणजे..." आरोही पुटपुटली. मग पेनड्राइव्ह हातात घेतला. "कुणाला सांगू नका, माझ्याकडची आहे म्हणून. आणि हे बघा, व्हॉट्सॲपवरून कुणाला पाठवायची नाही. पुन्हा पिठलं होईल. अशीच्या अशी कॉपी करायची."

सोफ्यावरच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. "मॅडम, लॅपटॉप मी उद्या नेला तरी चालेल," ते म्हणाले.

८. वडगाव

सोमवारी दुपारी. जोतिरामची खाट मागाजवळ सरकवलेली. खुर्चीवर पूर्णिमाचा लॅपटॉप. पूर्णिमा एकेक चित्र पुढं सरकवत होती आणि राणी म्हणेल तिथं थांबत होती. दारात नागेंद्र उभा होता. आत ये म्हटल्यावरही आला नाही.

"मागं घ्या आक्का. अजून एक. हां. थांबा."

पहिल्या जोडीत धागा तुटला. खळ वाळली होती. राणीनं बोट पाण्यात बुडवून धाग्यावरून फिरवलं. दुसरी जोड पुरी झाली. तिनं दोन्हीकडून ओढली. मग जोरात ओढली. मागाची चौकट करकरली, जोड सुटली नाही. नखानं चाचपडून बघितली तर कुठं आहे ते सापडेना.

तिनं मामंजींकडं बघितलं नाही. बघायचं धाडस होत नसावं. ती तशीच हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

खाटेवर खडबड झाली. जोतिराम डाव्या कोपरावर रेटा देऊन उठत होता. पूर्णिमा धरायला पुढं झाली, त्यानं तिला खांद्यानं बाजूला केलं. डावा हात लांब करून त्यानं पदराच्या लाल धाग्यांचा पुढचा झुबका उचलला, राणीच्या मांडीवर टाकला आणि तिच्या मनगटावर दोन बोटं आपटली. चल. आवर.

"व्हय, मामंजी," राणी म्हणाली आणि पुढचा धागा घेतला.

*

चित्रीकरण सव्वीस नोव्हेंबरला झालं. किशननं जोड एकदाच मागितली होती. जोतिरामनं ती तीन वेळा मारली, आणि तिसऱ्यांदा, कुणी न सांगता, सावकाश.